दगडावरची उरलेली जागा

आमच्या गल्लीत सुराबायाची लढाई दरवर्षी थोडी थोडी मोठी होत गेली. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा गल्लीतले सहा जण त्या लढाईत लढलेले होते. माझी वेनिंग जन्मली त्या वर्षी ते नऊ झाले. पंचाण्णव साल उजाडलं, लढाईला पन्नास वर्षं भरायची वेळ आली, तोवर आकडा तेविसावर गेला होता. आणि मधल्या काळात त्यातले बरेच जण मेलेही होते. म्हातारे कमी होत जातात तसतसे लढवय्ये वाढत जातात, हे गणित मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. माझे सासरेसुद्धा लढले होते. मोजोकर्तोहून. मोजोकर्तो इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे आणि पंचेचाळीसच्या नोव्हेंबरात, इंग्रजांची जहाजं, आमच्यावर पुन्हा राज्य करायला येणाऱ्या डचांच्या वाटेतले काटे काढायला, शहरावर तोफा डागत होती तेव्हा, अर्धं सुराबाया अंथरुणं डोक्यावर घेऊन तिकडेच पळालं होतं. सासरे मात्र "आम्ही मागची फळी सांभाळत होतो" असं सांगत. मागची फळी इतकी मागे असते हे मला माहीत नव्हतं.

या सगळ्या शूरांना एकाच माणसाची भीती वाटायची. ती म्हणजे म्बाह येम.

नाव लासियेम, पण लहानथोर सगळे तिला म्बाह, म्हणजे आजीच म्हणायचे. गल्लीच्या तोंडाशी बाकड्यावर बसून ती सकाळी भात विकायची. वर पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, तेम्पेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, एक तुकडा, सगळं केळीच्या पानात बांधून वरून हिराची काडी टोचायची. सगळीकडे कागद आला, मग प्लास्टिक आलं, हिचं पान सुटलं नाही. अंगाने काडी, जिभेने कोयता. दोन नवरे झाले. पहिला मेला, दुसऱ्याला तिने स्वतः त्याच्याच सायकलरिक्षात बसवून त्याच्या आईकडे पोचवला आणि रिक्षा परत घेऊन आली.

लढाईच्या वेळी ती पंधरा वर्षांची होती. नदीकाठच्या एका बंद पडलेल्या बेकरीच्या मागच्या अंगणात लढणाऱ्या पोरांसाठी भात शिजायचा, तिथे ती लढाई चालली ते तीनही आठवडे होती. पुड्या बांधायच्या आणि हातात द्यायच्या, हे तिचं काम. त्यामुळे कोण होतं आणि कोण नव्हतं हे तिला विचारावं लागत नसे. जो लढला तो जेवला, आणि जो जेवला तो तिच्या हातचं जेवला.

"लढणारा उभ्याउभ्या घ्यायचा, एका हाताने," ती सांगायची. "दुसऱ्या हातात काहीतरी असायचं. बंदूक, बांबूचा भाला, नाहीतर जखमी दोस्ताची बखोट. दोन्ही हात मोकळे असलेला माणूस मी लांबूनच ओळखायची."

त्यामुळे गल्लीतले म्हातारे आपल्या लढाईच्या गोष्टी तिच्या बाकड्यापासून निदान वीस पावलं लांब बसून सांगायचे.

तर त्या वर्षी गल्लीत स्मारक उभारायचं ठरलं. पुढाकार आमच्या वस्तीच्या अध्यक्षांचा, पाक हारसोयो यांचा. आमच्याकडे पुरुषाला मानाने पाक म्हणायचं, बाईला बू. उंच, गुळगुळीत, बोलताना मान थोडी वाकडी करून जणू फोटो काढणाऱ्याकडे बघणारे. त्यांनी आधी सिमेंटचा एक लढवय्या करून घेतला. हातात भाला, कमरेला लाल-पांढरा पट्टा, आणि छाती अशी की दोन भाले आडवे मावतील. त्याच्या पायाशी काळा दगड, त्यावर लढलेल्यांची नावं.

पुतळा बसवला त्या सकाळी म्बाह येम बाकडं सोडून बघायला आली. खालून वरपर्यंत बघितलं.

"हा कोण रे?"

"हा प्रतीकात्मक आहे, म्बाह," पाक हारसोयो म्हणाले. "आपल्या सगळ्या वीरांचं प्रतीक."

"आमच्यात एवढा जाडा कुणी नव्हता. ह्याला कुणी जेवू घातलं? मी तर नाही घातलं."

रंगाऱ्याच्या हातातला ब्रश हसून हसून खाली पडला. पाक हारसोयो हसले नाहीत.

दगडावर अकरा नावं कोरून झाली होती. म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या साक्षी दिल्या, तू माझा साक्षीदार, मी तुझा, असं करत तेविसांतली अकरा झाली. बाराव्या नावाची जागा सगळ्यात वर, मधोमध, मोठ्या अक्षरांपुरती मोकळी सोडली होती. ती पाक हारसोयोंच्या वडिलांसाठी होती, तारमुजींसाठी. ते एक्याऐंशी साली पलंगावर, घरच्या माणसांत, भरल्या पोटी गेले. आता गल्लीलाही त्यांचं नाव द्यायचं घाटत होतं. पण तेवढ्यात शहराच्या कचेरीला अक्कल सुचली. इथून पुढच्या प्रत्येक नावामागे, लढाईच्या जागी प्रत्यक्ष हजर असलेल्या जिवंत माणसाची जबानी हवी. ती वस्तीच्या सभेत, सगळ्यांसमोर द्यायची. आणि लढाईत खरोखर हजर असलेलं गल्लीतलं जिवंत माणूस एकच उरलं होतं. बाकड्यावर बसून हिराच्या काड्या सोलत होतं.

पण त्या रिकाम्या जागेवर म्बाह येमचाही डोळा होता. तिला तिथे पाइन्तेनचं नाव हवं होतं.

पाइन्तेन तिची मैत्रीण. सतरा वर्षांची. म्बाह येम पुड्या बांधायची आणि पाइन्तेन त्या टोपलीत भरून, टोपली पाठीला बांधून, पुलापलीकडे गोळ्या चालल्या होत्या तिथवर पोचवायची. दोन आठवडे पोचवल्या. एके दिवशी ती परत आली नाही. ना कबर, ना फोटो. घरचे सगळे पांगले. तिचं नाव घेणारी जगात एकटी म्बाह येम होती, आणि ती पासष्टीला आली होती.

स्मारकाचं ठरलं तेव्हाच ती पाक हारसोयोंकडे गेली होती.

"हारसोयो बाळा, पाइन्तेनचं नाव घाल."

"म्बाह, तुमच्या भावना मी समजतो. पण दगड लढवय्यांचा आहे. भात वाहणं म्हणजे काही लढणं नव्हे. उद्या प्रत्येक स्वयंपाकीण येईल."

"येऊ दे की. किती जणी उरल्यात?"

"नियम म्हणजे नियम, म्बाह."

ती परत आली. दुसऱ्या दिवसापासून पाक हारसोयोंच्या पुडीतली चटणी इतकी तिखट व्हायला लागली की समितीच्या बैठका दुपारनंतर घ्याव्या लागल्या.

आता तेच पाक हारसोयो सकाळी सकाळी बाकड्यासमोर उकिडवे बसले. अध्यक्ष झाल्यापासून त्यांना उकिडवं बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"म्बाह, बाबांना तुम्ही तिथे बघितलं होतंत ना?"

"तारमुजीला? बघितलं की. रोज होता."

पाक हारसोयोंचा चेहरा उजळला. "रोज?"

"रोज. सकाळी एकदा, दुपारी दोनदा."

"मग तेवढंच सांगा! बू विनार्ती शिकलेल्या आहेत, त्या व्यवस्थित लिहून घेतील." आणि ते माझ्याकडे वळले. मी वेनिंगसाठी पुडी घ्यायला आले होते. "बू विनार्ती, तुमच्या मुलीला कॉलेजसाठी वर्तणुकीचा दाखला लागणार आहे ना? या एकदा शिक्का मारायला. घरचंच काम आहे."

त्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. ते गोडच बोलले. पण त्या काळात वस्तीच्या अध्यक्षाच्या शिक्क्याशिवाय पोरगी कुठेही शिकायला जाऊ शकत नव्हती, आणि शिक्का कधी हरवेल, शाई कधी वाळेल, याचा नेम नव्हता. वेनिंग त्या वर्षी सतरा पुरी करणार होती. तोंडावर ताबा नव्हता. माझा जीव सदा टांगणीला.

दुपारी म्बाह येम आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी वही घेतली. वेनिंग खांबाला टेकून ऐकत होती. आत जा म्हटलं तरी गेली नाही.

"लिही," म्बाह म्हणाली. "तारमुजी रोज यायचा. उद्या पुढे जातो म्हणायचा. उद्या म्हणजे दुसऱ्या दिवशी, तसं नाही. तारमुजीचा उद्या वेगळाच होता. पुडी दोन्ही हातांनी घ्यायचा. फार सभ्य मुलगा. लढाईत त्याच्याइतका सभ्य मी दुसरा बघितला नाही."

वेनिंग फस्सकन हसली. मी तिच्याकडे डोळे वटारले.

"पाइन्तेनच्या खेपा कमी व्हाव्यात म्हणून टोपली न्यायला पाळ्या लावल्या होत्या. जो खाईल त्याने आठवड्यातून एकदा न्यायची. त्या दिवशी पाळी तारमुजीची. टोपली भरून झाली, आणि ह्याने पोट धरलं. तीन पुड्या खाल्ल्यावर माझंही दुखलं असतं. पाइन्तेन आदल्या दिवशी दोन खेपा करून आलेली, पाय सुजलेले. ती म्हणाली, 'दे इकडे, तू बस शूरवीरा.' टोपली बांधली आणि गेली." म्बाहने हिराची एक काडी मोडली. "संध्याकाळी एका पोराने टोपली परत आणून दिली. रिकामी होती. म्हणजे भात पोचला होता. ती येताना गेली, काम करून. समोरून गोळ्या घालणारे निम्मे आपल्यासारखेच काळेसावळे होते गं, गोऱ्यांनी कुठल्या कुठल्या देशातून आणलेले. त्यांनाही कुणीतरी जेवायला घालत असेल."

"आणि तारमुजी?" वेनिंगने विचारलं.

"तारमुजीचं पोट दुसऱ्या दिवशी थांबलं. जेवायला आला."

मी लिहिणं केव्हाच थांबवलं होतं.

ती गेल्यावर मी जबानी नीट उतरवून काढली. मी खोटं काहीच लिहिलं नाही, हे इथे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. तसं सांगावंसं वाटणं हेच काय ते समजून घ्या. कचेरीच्या भाषेची एक सोय असते, तिच्यात घातलं की काहीही इस्त्री होऊन बाहेर येतं. मी लिहिलं: "मी, लासियेम, वय पासष्ट, प्रतिज्ञेवर सांगते की दिवंगत तारमुजी यांचा लढाईच्या काळात रसद पथकाशी अत्यंत निकटचा संबंध होता. ते प्रतिदिनी नियमितपणे हजर राहत व त्यांचे वर्तन सभ्य होते." पाळीचं आणि पोटाचं गाळलं. पाइन्तेनचंही गाळलं.

पाक हारसोयोंना कागद इतका आवडला की त्यांनी तो दोनदा वाचला. "रसद पथक! बू विनार्ती, हा शब्द आम्हाला कसा सुचला नाही!"

भात खाणाऱ्याला रसद पथकात घालायची कल्पना माझीच होती, हे मान्य आहे.

सभा रविवारी सकाळी, पुतळ्यासमोर ताडपत्रीखाली. सगळी गल्ली जमलेली, कचेरीतला एक तरुण बाबू खुर्चीवर, पुढ्यात समारंभाला रचतात तो भाताचा पिवळा मनोरा आणि लाऊडस्पीकर. म्बाह येम स्वच्छ जुनं लुगडं नेसून आली. समोर शाईचा डबा ठेवला. पाक हारसोयो म्हणाले, "म्बाह, इथे अंगठा."

"मला वाचता येत नाही. ज्यावर अंगठा द्यायचा ते ऐकल्याशिवाय द्यायची नाही."

"बू विनार्ती वाचतील."

"हिचा घसा बसलेला दिसतोय," म्बाह माझ्याकडे न बघता म्हणाली. "पोरीला वाचू दे. तिचा आवाज मोठा आहे."

वेनिंगने कागद घेतला, वाचायला लागली. पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. "वर्तन सभ्य होते" इथवर आली आणि थांबली. कागद उलटून मागे काही आहे का ते बघितलं. काही नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला आजही नको वाटते. तिचे ओठ उघडले. आता ही बोलणार, सगळ्यांसमोर, त्या बाबूसमोर बोलणार, आणि संपलं, असं मला वाटलं.

"संपलं का गं?" म्बाह म्हणाली.

"एवढंच लिहिलंय, म्बाह."

"बरं. मग बस खाली."

वेनिंग बसली. बाबूने पेन हलवत विचारलं, "पण रसद पथक म्हणजे लढवय्येच ना? नोंदीत तसं हवं."

पाक हारसोयो अशा प्रश्नाची वाटच बघत होते. त्यांनी लाऊडस्पीकर तोंडाशी ओढला. "म्हणजे काय! बंधूंनो, पोटात भात नसता तर हातात भाला कशाच्या बळावर धरला असता? ज्याने सैन्याचा भात सांभाळला तो भालेकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून लढला! नव्हे, दोन पावलं पुढे लढला!"

टाळ्या पडल्या. माझ्या सासऱ्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. मोजोकर्तोच्या मागच्या फळीलाही यातून काही आशा असावी.

"पुन्हा बोल बाळा," म्बाह म्हणाली. "म्हातारीला कमी ऐकू येतं."

पाक हारसोयोंनी आनंदाने पुन्हा सांगितलं. या खेपेला "दोन पावलं"च्या जागी "दहा पावलं" आली.

"बाबूसाहेब, लिहून घेतलंत?"

"घेतलं, आजी."

"मग आता माझी दुसरी जबानी घ्या. पाइन्तेन, वय सतरा. रसद पथक. भात सांभाळला नाही, पाठीवर घालून पोचवला. रोज. मी स्वतः टोपली भरायची. एके दिवशी पोचवून येताना गोळी लागली." तिने पाक हारसोयोंकडे बघितलं. "हा म्हणतो, दहा पावलं पुढे. ती पुलाच्या पलीकडे होती. मोजा."

पाक हारसोयोंची मान, आयुष्यात पहिल्यांदा, सरळ झाली.

"म्बाह, तो विषय... समितीत आधीच..."

"समितीत भात वाहणं म्हणजे लढणं नव्हतं. आता आहे. तूच बोललास, तेही दोनदा. मी फक्त अंगठा द्यायला आलेय. दोन्ही कागदांवर देते, नाहीतर एकावरही नाही."

बाबूने खांदे उडवले. "नियमाप्रमाणे बरोबर आहे, पाक."

मागून सायकलरिक्षावाला साबार ओरडला, "द्या की हो! आजचं रसद पथक जेवायला खोळंबलंय!" आणि हशा उसळला. पाक हारसोयोही हसले. समोर लाऊडस्पीकर असताना दुसरं काय करणार.

मग जागेचा प्रश्न आला. मोकळी जागा एकाच नावाची. म्बाह म्हणाली, "जी लढाईत मेली ती वर. जो पलंगावर मेला तो खाली, जिथे मावेल तिथे." पाथरवटाने पाइन्तेनचं नाव वर मधोमध कोरलं, आणि ते इतकं मोठं आणि सुबक आलं, की लांबून दगडावर तेवढंच दिसतं. तारमुजींचं नाव अगदी तळाशी, बारीक अक्षरांत. तिथे कोंबड्या बसतात. गल्लीला नाव द्यायचं पुढे कुणी काढलं नाही.

संध्याकाळी मी बाकड्यापाशी गेले. बराच वेळ उभी राहिले.

"म्बाह, पोटाचं... मी गाळलं होतं."

"ऐकलं मी. कान चांगले आहेत माझे."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

ती पानं पुसत होती. "बोलले असते तर तुझ्या पोरीचा दाखला अडला असता. तारमुजीच्या पोटापायी सतरा वर्षांची एक पोरगी गेली. एक पुरे." मग मान वर करून म्हणाली, "आणि तू इथे अशी उभी राहू नकोस. गिऱ्हाईक अडतंय."

दाखल्यावर शिक्का मिळाला. शाईसुद्धा ओली होती. वेनिंग शिकली, लांब गेली. अजूनही तोंडावर ताबा नाही आणि मी अजूनही फोनची वाट बघते. त्या सभेबद्दल ती माझ्याशी वर्षभर बोलली नाही. नंतर बोलली, पण कागदाबद्दल नाही.

म्बाह येम पुढे चौदा वर्षं जगली. दर दहा नोव्हेंबरला, लढाईच्या स्मरणदिनी, झेंडा आणि भाषणं आटोपली की ती एक पुडी दगडासमोर ठेवायची. केळीचं पान, वर हिराची काडी. मांजरं खायची, ती हाकलायची नाही. एका वर्षी वेनिंग सुट्टीला आली होती. तिने मुद्दाम, शेजारी पाक हारसोयो उभे असताना विचारलं, "म्बाह, एकच पुडी? तारमुजींची कुठे?"

"त्याची द्यायची नाही राहिली," म्बाह म्हणाली. "त्याने आगाऊ खाल्लीय."